चौतिसावे सभासद

आमच्या साहित्य मंडळाचे सभासद ३४. त्यातले ३३ लिहितात. चौतिसावे नाना.

नाना सध्या लिहीत नाहीत, असं नव्हे. सध्या न लिहिणारे आमच्याकडे चिकार आहेत आणि आपण सध्या का लिहीत नाही यावर ते वीस-वीस मिनिटं बोलतात. नानांनी आयुष्यात काही लिहिलेलंच नाही. कविता नाही, कथा नाही, पेपरातल्या वाचकांच्या पत्रांत दोन ओळी नाहीत. एका वर्षी हस्तलिखितासाठी प्रत्येकाकडून एक पान घ्यायचंच, असा ठराव झाला. नानांनी पान दिलं. त्यावर त्यांचं नाव, पत्ता आणि रक्तगट होता. कार्यवाहांनी ते तसंच अंकात लावलं. 'अख्ख्या अंकात शुद्धलेखनाची चूक नसलेलं तेवढं एकच पान,' असा अभिप्राय आमच्या निवृत्त प्राध्यापकांनी दिला.

आणि तरी सभेच्या दिवशी दुपारपासून कार्यवाहांचा फोन वाजतो तो याच प्रश्नासाठी: "नाना येणार आहेत ना?" प्रमुख पाहुणे येणार आहेत का, याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही.

डोंबिवलीला साहित्याचं वावडं कधीच नव्हतं. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे इथलेच. ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ साली इथेच भरलं. हे झालं मोठ्यांचं. आम्हा बाकीच्यांना लोकलने साहित्यिक केलं. सकाळी एका पायावर मुंबईला जायचं, संध्याकाळी दुसऱ्या पायावर परत यायचं, आणि दोन्ही वेळा हात वर. अशा अवस्थेत माणसाला करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे विचार. उतरेपर्यंत त्या विचाराची चारोळी झालेली असते. मग ती कोणाला तरी ऐकवावी लागते. घरचे ऐकत नाहीत. म्हणून मंडळ.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, पूर्वेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. त्या हॉलमध्ये एरवी बारशी आणि योगासनं होतात. आधी अध्यक्षांचं प्रास्ताविक. त्यात रविकिरण मंडळ येतंच. १९२३ साली पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळी रविवारी चहाला जमत, कविता वाचत, आणि बघा त्यातून काय उभं राहिलं. आपणही रविवारीच जमतो आणि चहाही असतो. एवढ्या दोन साम्यांवर आमचे अध्यक्ष इतकी वर्षं प्रास्ताविक करत आले आहेत. नंतर मागच्या सभेत दिलेल्या शब्दावरचं लेखन. 'उंबरठा' दिला की स्त्रीमुक्तीच्या १४ कविता, 'पाऊस' दिला की २६. मग मुक्त वाचन. वडा शेवटी.

वडा शेवटी ठेवण्यामागे अनुभव आहे. पूर्वी तो मध्यंतरात होता. तेव्हा वड्यानंतर हॉलमध्ये ज्यांचं वाचन राहिलंय तेवढेच लोक उरायचे. वाचायला आलेल्या माणसाला दुसऱ्याचं वाचन म्हणजे बंद रेल्वे फाटक. तो त्याच्यापुढे थांबतो, पण लक्ष घड्याळाकडे. दुसऱ्याची कविता चालू असताना पहिला मांडीवरच्या आपल्या कागदात शेवटची दुरुस्ती करत असतो, आणि टाळ्या पडल्या की दचकून आपणही वाजवतो. वाचून झालं की मात्र त्याला गावची सगळी कामं आठवतात. कोणाची सासू स्टेशनवर उतरलेली असते, कोणाच्या गॅसवर दूध असतं. एक गृहस्थ गेली कित्येक वर्षं 'माझी औषधाची वेळ झाली' म्हणून उठतात. त्यांची औषधाची वेळ त्यांच्या कवितेनंतर चार मिनिटांनी येते, मग कविता साडेपाचला असो की सातला.

या गर्दीत नाना दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसतात आणि ऐकतात. हातात मोबाईल नाही, मांडीवर कागद नाही. खिशात एक छोटी डायरी असते, ती मधूनच निघते, काहीतरी टिपलं जातं, परत आत जाते. वाचणाऱ्याची नजर अध्यक्षांवरून, प्राध्यापकांवरून फिरत शेवटी खांबापाशी येऊन थांबते. कारण दाद तिथून येते.

नानांच्या दादीच्या पायऱ्या मंडळात सगळ्यांना पाठ आहेत. 'हं' म्हणजे ऐकलं. 'अच्छा' म्हणजे कविता संपली असावी, पण खात्री नाही. 'वेगळं आहे' म्हणजे काहीही कळलेलं नाही. आमचे मुक्तछंदवाले हा बहुमान समजतात आणि नानांनी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. साधा, आखूड 'वा' हा बहुतेकांचा मुक्काम. त्यावर उभी हयात काढलेली माणसं मंडळात आहेत. त्याच्या वरचा 'वाऽऽ' म्हणताना नानांचा उजवा हात गुडघ्यावरून उठतो आणि हवेत थोडा थांबतो. तो किती वर गेला होता याची चर्चा नंतर होते. गझलवाल्या सरांच्या मते त्यांच्या मतल्याला तो कानापर्यंत गेला होता. चारोळीवाल्या ताईंच्या मते नाना त्या वेळी डास मारत होते. आणि सगळ्यांत वर म्हणजे, 'ती ओळ पुन्हा म्हणा.' हे सभेत एकदाच होतं, कधी कधी तेही नाही. ज्याला ते मिळतं तो पुढचा महिनाभर ती ओळ पुन्हाच म्हणत असतो.

मी ललित लेख लिहितो. माझ्या वाट्याला नाना वाचनाच्या आधीच येतात. "लेख का? बरं. किती पानं?"

या पायऱ्यांच्या बाहेरचा एक शेरा आहे: 'मेहनत घेतलीय.' दिसायला तो कौतुकाचा आहे. नवीन सभासद तो ऐकून खूश होतो आणि जुने सभासद त्याच्याकडे बघायचं टाळतात. आमच्या एका कादंबरीकारांनी हस्तलिखिताची पहिली तीन प्रकरणं वाचली, नाना तेवढंच म्हणाले, आणि ते बाड पोटमाळ्यावर गेलं. या शेऱ्याचा इतिहास काकूंकडून कळला. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला त्यांनी पुरणपोळ्या केल्या, नानांनी एक खाल्ली आणि म्हणाले, "मेहनत घेतलीस." तेव्हापासून त्यांच्या घरी पुरणपोळी विकत येते.

ही ऐकण्याची सवय त्यांना नोकरीने लावली. नाना मध्य रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. काचेपलीकडे रांग, काचेला एक भोक, आणि त्यातून माणसं अर्धवट काहीतरी ओरडणार: 'दोन कल्याण एक अर्धा', 'रिटर्न', नुसतंच 'एक'. मागे गाडीची अनाउन्समेंट, शेजारी सुट्ट्या पैशांवरून भांडण. त्यातून माणसाला नेमकं कुठे जायचंय ते ओळखून तिकीट पुढे सरकवायचं. आमच्या कवितांमध्ये याहून फार जास्त सांगितलेलं असतं असं नाही.

मागे एकदा प्राध्यापकांनी त्यांना सगळ्यांदेखत धरलं. प्राध्यापकांचं म्हणणं, नानांच्या या सैल दादीमुळे डोंबिवलीत टुकार कविता वाढली. समीक्षेत कठोर असावं लागतं. वाईटाला वाईट म्हणणारं कोणी नसलं की भाषेचं नुकसान होतं. बोलणं लांबलं, दोन-तीन इंग्रज समीक्षकही येऊन गेले. नानांनी नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, मी खिडकीवर होतो तेव्हा कर्जतचं तिकीट मागणाऱ्याला, कर्जतला कशाला जाता, असं कधी विचारलं नाही."

"पण माणूस चुकीच्या गाडीत बसत असेल तर?"

"ते टीसी बघतो," नाना म्हणाले. "तुम्ही आहात ना."

त्या दिवशी प्राध्यापकांनी स्वतःची एक कविता वाचली. त्यांना आखूड 'वा' मिळाला. पुढच्या महिन्यात ते दोन कविता घेऊन आले.

संमेलन डोंबिवलीत भरलं तेव्हाची गोष्ट तर अध्यक्षसुद्धा सांगतात. संमेलनात परिसंवाद असतात, मुलाखती असतात, ग्रंथप्रदर्शन असतं, आणि एका बाजूला कविकट्टा असतो. तिथे महाराष्ट्रभरचे कवी नंबर लावून सकाळपासून रात्रीपर्यंत कविता वाचतात. तिथेही नियम तोच: आपला नंबर आला की वाचायचं, आणि प्रमाणपत्र घेऊन पुस्तकांच्या स्टॉलकडे निघायचं. नाना तिन्ही दिवस तिथे बसून होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कवींना वाटलं, हे परीक्षक. संध्याकाळी अफवा पसरली की हे साहित्य संस्कृती मंडळाचे, अनुदानासाठी पाहणी करायला आलेत. दुसऱ्या दिवशी कवी वाचून झाल्यावर खाली उतरून नानांना नमस्कार करून जाऊ लागले, आणि जाताना आपला संग्रह 'सस्नेह भेट' लिहून हातात ठेवू लागले. चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंतची मराठी कविता नानांनी तीन पिशव्यांत भरून रिक्षाने घरी नेली. काकूंनी दार उघडलं, पिशव्यांत बघितलं आणि विचारलं, "हे सगळं वाचणार आहात?" नाना म्हणाले, "छे. ऐकलंय."

सहलीला मात्र माणसाची खरी परीक्षा होते. आम्ही एकदा मालगुंडला गेलो होतो. गणपतीपुळ्याच्या शेजारचं गाव, केशवसुतांचं जन्मस्थान. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे त्यांचं स्मारक उभं केलंय, घर जपलंय. डोंबिवली ते मालगुंड हा प्रवास लांबचा, आणि बस म्हणजे अशी सभा की जिच्यातून कोणाला उठून जाता येत नाही. पनवेल सोडल्यावर पहिली वही निघाली. माणगावपर्यंत निसर्गकविता, महाडपर्यंत सामाजिक आशय, कशेडी घाटात हायकू. घाटातल्या वळणांवर काही जणांना मळमळलं, त्याचं खापर घाटावर फोडण्यात आलं. नाना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून अखंड 'हं' देत होते. चिपळूणच्या आधी ड्रायव्हरही 'वा' म्हणायला लागला.

स्मारकात प्राध्यापकांनी माहिती दिली. केशवसुत १९०५ साली गेले. त्यांच्या हयातीत त्यांच्या कवितांचं एकही पुस्तक निघालं नाही. हरिभाऊ आपट्यांनी संग्रह काढला तो १९१७ साली, बारा वर्षांनी. हे ऐकल्यावर मंडळी गप्प झाली. आमच्यात सर्वांत कमी पुस्तकं असलेल्या माणसाची तीन आहेत, तीही स्वखर्चाने. गप्प बसण्याचा हा काळ फार टिकला नाही. गझलवाले सर म्हणाले, "म्हणजे हयातीत काढून घेतलेलं बरं." आणि तिथेच, कौलारू घराच्या अंगणात, त्यांनी आपल्या चौथ्या संग्रहाच्या प्रकाशनाची तारीख जाहीर केली. नाना म्हणाले, "अच्छा."

दोन वर्षांपूर्वी नानांच्या डाव्या कानात यंत्र आलं. आधी मंडळात आनंद पसरला, की आता आपलं अधिक नीट ऐकू जाईल. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की कविता चालू असताना नानांचं बोट मधूनच कानाकडे जातं. त्या यंत्राला बारीक बटण असतं. त्याने आवाज वाढतोही आणि कमीही होतो, आणि समोरून दोन्ही सारखंच दिसतं. झालं. आता वाचणारा नानांच्या हाताकडे बघायचा तो कानाकडे बघू लागला. बोट गेलं की आवाज चढवून वाचू लागला. शेवटी कार्यवाहांनी धीर करून विचारलं. नाना म्हणाले, "पंख्याचा आवाज फार येतो हो." पुढच्या कार्यकारिणीत हॉलला नवे पंखे भेट द्यायचा ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. मंडळाच्या इतिहासात एकमताने झालेला हा एकमेव ठराव. पंखे लागले, अजिबात आवाज न करणारे. बोट कानाकडे जातच राहिलं. पुन्हा कोणी विचारलं नाही.

आणि मग ती डायरी.

नाना डायरीत काय टिपतात याबद्दल मंडळात वर्षानुवर्षं एकच समजूत होती: आवडलेल्या ओळी. दुसरं काय असणार? आपल्या किती ओळी आत गेल्या असतील याचा प्रत्येकाने आपापला हिशेब केलेला होता. चारोळीवाल्या ताईंचा आकडा बराच मोठा होता, कारण त्यांच्या वेळी डायरी हमखास निघायची. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत 'नानांच्या डायरीतून' असं सदर घ्यावं, अशी सूचनाही आली. नाना नुसते हसले.

एका सभेनंतर ती खुर्चीखाली पडलेली कार्यवाहांना सापडली. परत द्यायच्या आधी त्यांनी ती उघडली. कार्यवाह असल्याने त्यांना तो अधिकार आहे, असं ते म्हणतात. आत एकही ओळ नव्हती. बुकिंग ऑफिसच्या रजिस्टरासारखे सरळ रकाने आखलेले होते. नाव. वाचन सुरू. वाचन समाप्त. निघाले. सुबक, बारीक अक्षर, मिनिटासकट. चारोळीवाल्या ताई: ५.४०, ५.५२, ५.५५. गझलवाले सर: ६.१०, ६.३१, ६.३१. औषधवाल्या गृहस्थांच्या पुढे वर्षभर चार मिनिटांचं अंतर अचूक राखलेलं होतं. शेवटच्या रकान्यात 'शेवटपर्यंत' ही नोंद बहुतेक वेळा दोनच नावांपुढे होती. एक कार्यवाहांचं, कारण किल्ली त्यांच्याकडे असते, आणि दुसरं हॉलच्या वॉचमनचं.

कार्यवाहांनी हे कोणालाही सांगितलं नाही. म्हणजे फक्त सात-आठ जणांना सांगितलं. पुढच्या रविवारी एकही माणूस उठला नाही. कोणाची सासू आली नाही, कोणाचं दूध उतू गेलं नाही. औषधवाले गृहस्थ गोळी सोबत घेऊन आले आणि सगळ्यांना दिसेल अशी हॉलमध्येच घेतली. ३१ जणांनी वाचलं आणि ३१ जणांनी बसून ऐकलं. साडेनऊला वडे गार झाले. पावणेदहाला वॉचमनने दोनदा दिवा घालवून लावला. दहा वाजता, सभा संपल्यावर, नाना उठले आणि कार्यवाहांना म्हणाले, "आज जरा जास्तच झालं. एवढं ऐकायची माझीसुद्धा सवय नाही."

तो शिरस्ता तीन महिने टिकला. नंतर ताईंची सासू पुन्हा स्टेशनवर उतरू लागली.

गेल्या पावसाळ्यात नाना आणि काकू मुलाकडे बडोद्याला राहायला गेले. आम्ही निरोपसमारंभ केला. त्यात २२ जणांनी नानांवरच्या कविता वाचल्या. त्यातल्या १९ मध्ये 'कान' आणि 'प्राण' यांचं यमक होतं. नाना दर कवितेला 'वा' म्हणाले, कोणालाही कमीजास्त नाही. उत्तरादाखल बोला, असा फार आग्रह झाला तेव्हा उभे राहिले, "छान झालं," म्हणाले, आणि खाली बसले. बडोद्याला मराठी साहित्याची जुनी वस्ती आहे, ९१वं संमेलनही २०१८ साली तिथेच झालं. त्यामुळे व्हायचं तेच झालं. महिन्याच्या आत तिथल्या काही कवींनी नानांना बागेत फिरताना हेरलं. आता त्यांच्या शनिवारी बैठका असतात, असं काकूंनी फोनवर सांगितलं. आवाजावरून त्या खूश वाटल्या नाहीत.

इकडे मंडळाचे ३३ सभासद उरले आहेत आणि ३३ही लिहितात. दुसऱ्या रांगेतली खांबाशेजारची खुर्ची रिकामी आहे. प्राध्यापकांनी दोन सभा तिथे बसून 'वा' म्हणून पाहिलं, पण ते प्रत्येक 'वा'नंतर 'परंतु' म्हणतात. तेव्हा कार्यकारिणीच्या ठरावानुसार कळवण्यात येतं की, मंडळाला एक ऐकणारा हवा आहे. वयाची अट नाही, वर्गणी माफ. दुसरा रविवार, संध्याकाळी पाच वाजता, डोंबिवली पूर्व. चहा लगेच मिळेल, वडा शेवटी. पंखे नवे आहेत. लिहिणाऱ्यांनी कृपया अर्ज करू नयेत.